अण्णांचं शाकाहारी मुंगूस

रुद्रय्याअण्णा घरातून बाहेर पडले की रस्ता कुठं ओलांडणार, हे शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेत शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. गल्लीच्या तोंडाशी शालूबाईचा अंड्यांचा गाडा उभा असे. गाडा दिसला की अण्णा धोतराचा सोगा धरून पलीकडं जात आणि गाडा मागं पडला की पुन्हा अलीकडं येत. समोरून ट्रक येवो नाहीतर केएमटीची बस, नेम चुकत नसे. एकदा तर एका रिक्षानं त्यांना उडवलंच असतं, थोडक्यात वाचले. तेव्हा शालूबाई गाड्यामागून ओरडली होती, "अण्णा, अंडी काय उडून अंगावर येत न्हाईत! उगंच मरशीला की एखाद्या दिवशी!"

अण्णा जातीनं जंगम, म्हणजे लिंगायतांतलं गुरुघराणं. पेठेतले निम्मे व्यापारी सकाळी त्यांच्या पाया पडत आणि दुपारी त्यांच्याशीच गुळाच्या भावावरून भांडत. पहाटे अंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग दुकान. मांसमच्छी लांबच राहिली, अंड्याचं नावसुद्धा अण्णांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. अगदीच वेळ आली तर ते 'ते पांढरं' असं म्हणत, आणि तेही मान दुसरीकडं वळवून.

घरात अण्णा आणि त्यांची बायको बसव्वा, दोघंच. एकुलता एक मुलगा शशिधर बेंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. मुलगी झाली तर दानेश्वरी नाव ठेवायचं, असं दोघांचं कधीकाळी ठरलं होतं, पण मुलगी काही झाली नाही. नाव तसंच राहून गेलं.

आता गुळाच्या गोदामात उंदीर नाहीत असं जो व्यापारी सांगतो, तो एकतर खोटं बोलतो नाहीतर त्याच्याकडं गूळच नसतो. अण्णांच्या गोदामात दोन्ही भरपूर होते. औषध टाकायला अण्णांचा जीव धजेना, पिंजऱ्याला उंदीर भीक घालेनात. हे शशिधरला कळलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत येताना तो वेताच्या टोपलीतून एक मांजर घेऊन आला. पांढरंशुभ्र, विलायती जातीचं, हातभर केसांचं आणि बसक्या नाकाचं. नाव मोना.

"ह्याचं नाक कुणी ठेचलं रं?" बसव्वांनी काळजीनं विचारलं.

"अव्वा, ती जातच तशी असते. प्युअर आहे," शशिधर म्हणाला.

मोना प्युअर होती यात शंका नाही. पण ती गोदामात शिरली आणि एका तासात तिच्या अंगाला गूळ चिकटला, गुळाला केस चिकटले आणि केसांना मुंग्या लागल्या. कोल्हापूरच्या उन्हात ती जीभ बाहेर काढून पोत्यावर पडून राही. पहिला उंदीर दिसला तेव्हा ती अशी काही घाबरली की उडी मारून थेट अण्णांच्या मांडीवर जाऊन बसली. शेवटी कोकणातल्या एका व्यापाऱ्यानं ढेप परत पाठवली आणि निरोप दिला, "अण्णा, तुमच्या गुळाला दाढी आलीया." त्याच आठवड्यात मोना टोपलीत बसून बेंगलोरला परत गेली. बिचारीची काही चूक नव्हती. तिला इथली हवा मानवली नाही आणि इथल्या उंदरांना ती मांजर आहे हे शेवटपर्यंत पटलं नाही.

पौष महिन्यात गुऱ्हाळं जोरात असताना कागलकडून गुळाची गाडी आली. माल उतरवणाऱ्या बाळासोनं डोक्याचा पटका सोडून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. पटक्यात काहीतरी करडं, हलतंय असं होतं.

"मुंगसाचं पिल्लू हाय अण्णा. उसाच्या तोडीत घावलं. आई पळाली. कुत्री फाडतील म्हणून घिऊन आलोय."

"मग मी काय करू त्याला? ठेव तिकडं कोपऱ्यात!" अण्णा खेकसले.

पिल्लानं कोपरा बघितला नाही. ते अण्णांच्या धोतरावरून चढलं, बंडीवर आलं आणि चव बघायला म्हणून गुळाचा खडा ठेवतात त्या खिशात शिरलं. आत थोडा वेळ खुडबुड झाली, मग सगळं शांत झालं. बाळासो हसायला लागला. अण्णांनी त्याला डोळ्यांनीच दरडावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बोंबलू नकोस. झोपलंया ते."

असा गुंडू त्या घरात आला.

आणि इथंच अण्णांनी ती चूक केली. दुसऱ्या कुणाच्या घरात ती झालीच नसती. कोल्हापुरात कुठल्याही आळीत मुंगसाचं पिल्लू गेलं असतं तर त्याला पहिल्या दिवशीच मटणाचा तुकडा मिळाला असता. जंगमाच्या घरात त्याला मिळालं दूध, दहीभात, तुपात कुस्करलेली भाकरी आणि वर गुळाचा खडा. गुंडू ते चाटूनपुसून खाई, कारण भूक लागली होती. पण अण्णांना वाटलं, याचे संस्कारच चांगले आहेत. गिऱ्हाईक आलं की ते गुंडूला खिशातून बाहेर काढत आणि सांगत, "आमचं मुंगूस शाकाहारी हाय. बघा, दहीभात कसा खातंय! आता लिंगदीक्षा तेवढी द्यायची राहिलीया."

एकदा गुंडूनं भिंतीवरची पाल धरली. अण्णांनी धावत जाऊन ती सोडवली, गुंडूचं तोंड तांब्याभर पाण्यानं धुतलं आणि त्याच्या कपाळाला विभूतीचं बोट लावलं. गुंडू शिंकला. बसव्वा पदर तोंडाला लावून हसल्या. पुढं त्याला गोदामात एकटं सोडायचं अण्णांनी बंद केलं, न जाणो उंदीर धरायचा! ज्या कामासाठी मुंगूस ठेवायचं तेच काम त्याला करू द्यायचं नाही, हे अण्णांच्या ध्यानात आलं नाही असं नाही, पण तोवर गुंडू कामाचा राहिला नव्हता. तो घरचा झाला होता. अण्णा हिशेब करायला बसले की तो त्यांच्या मांडीवर, अण्णा जेवायला बसले की ताटाच्या कडेला, अण्णा वामकुक्षीला पडले की त्यांच्या बगलेत. शशिधर लहान असताना अण्णांनी त्याला इतकं अंगावर घेतलेलं बसव्वांना आठवत नव्हतं.

आषाढ संपता संपता गुंडू चालताना लडखडायला लागला. आधी अण्णांना वाटलं, फरशी निसरडी झालीय. मग मागचे दोन्ही पाय त्यानं ओढायला सुरुवात केली. अंगावरचे केस गळाले, डोळे निस्तेज झाले. बसव्वांनी दुधात जास्त तूप घातलं, अण्णांनी गुळाचा खडा मोठा केला. गुंडू आणखी खंगला. शेवटी अण्णांनी त्याला उपरण्यात गुंडाळलं आणि रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी पाय चाचपले आणि विचारलं, "खायला काय देता?"

अण्णांनी अभिमानानं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले आणि मग चष्मा काढून पुसायला लागले.

"अण्णा, याला उपाशी मारताय तुम्ही. हाडं मऊ पडलीत याची. मुंगूस आहे हे. याला उंदीर लागतो, किडे लागतात, मांस लागतं. निदान रोज एक अंडं तरी पाहिजे."

"आमच्या घरात?"

"तुमच्या नाही, याच्या पोटात. आणि दुसरं सांगतो. हे जनावर घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. विलायती मांजर ठेवा, कुत्रं ठेवा. आपल्या रानातलं जनावर पाळता येत नाही."

अण्णांचं डोकं तापलं. "ह्यो कुठला कायदा? परमुलखातलं घरात घ्यायचं आन् आपल्या मातीतलं हाकलून द्यायचं?"

"आपल्या मातीतलं आहे म्हणूनच," डॉक्टर म्हणाले. "त्याला त्याचं घर आहे इथं. त्या विलायती मांजराला बिचाऱ्याला तुमच्याशिवाय दुसरं काय आहे? पण आज याला सोडलं तर तासाभरात कुत्री फाडतील. आधी पायावर उभं करा. हिंडाफिरायला लागलं की सोडायचं. मला शब्द द्या."

अण्णांनी शब्द दिला. त्या क्षणी त्यांनी काहीही दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला बसले. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातात बेलाचं पान. गुंडू मागचे पाय फरपटत आला आणि नेहमीसारखं मांडीवर चढायला बघू लागला. चढता येईना. त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि मग अण्णांच्या गुडघ्याला नाक टेकून तसाच पडून राहिला. अण्णांच्या डोळ्यांसमोर लिंग होतं आणि मनात दुसराच घोळ चालला होता. डावा हात लिंगाचा. उजवा हात पूजेचा. मग त्या पांढऱ्याला हात लावायचा तो कुठला? बऱ्याच वेळानं ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बसव्वांची पाठ वळलेली बघून चुलीजवळची सांडशी उपरण्याखाली लपवली.

शालूबाईच्या गाड्यावर जायचा प्रश्नच नव्हता. अण्णा पार गंगावेशीत गेले, जिथं त्यांना कुणी ओळखणार नव्हतं. पण दिवस श्रावणाचे. एरवी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात पोहणारं कोल्हापूर श्रावणात असं सोवळं होतं की बघत राहावं. अंड्यांच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. त्या मोकळ्या दुकानात कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले अण्णा एकटेच उभे, सगळ्या गंगावेशीला दिसतील असे. त्यांनी बोटानं खूण केली. दुकानदारानं एक अंडं कागदात गुंडाळलं. अण्णांनी उपरण्यातून सांडशी काढून ते अलगद धरलं. दुकानदार आ वासून बघतच राहिला.

वळतात तर समोर अमरेश. अमरेश म्हणजे त्यांच्याच समाजाच्या मंडळाचा सेक्रेटरी, दर सोमवारी मठात नियमपालनावर भाषण ठोकणारा. त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत काय आहे हे न सांगता कळत होतं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"केसास्नी लावायला," अमरेश घाईनं म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय."

अमरेशच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. अण्णांनी त्याच्या टकलाकडं बघितलं. "मला मुंगसाला पायजे," ते म्हणाले.

अमरेशचा चेहरा उजळला. "मुंगसाला! वा अण्णा! हे मला का न्हाय सुचलं?"

तेव्हापासून दोघंही एकमेकांना चुकवत.

अण्णांनी गोदामाच्या मागच्या खोपीत कारभार थाटला. तिथून पुढं नाल्याकाठची झुडपं होती आणि मध्ये भिंत. दारात कपडे धुवायचा एक जुना दगड पडलेला होता. सांडशीनं अंडं धरायचं, दगडावर आपटायचं, वाटीत ओतायचं, तोंड फिरवून वाटी पुढं सरकवायची आणि परत अंघोळ करायची. पहिल्या दिवशी अर्धं अंडं धोतरावर सांडलं. पण गुंडूनं वाटीत तोंड घातलं, आणि गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच त्याची शेपटी फुलली. ते बघून अण्णांनी फिरवलेलं तोंड पुन्हा वाटीकडं वळवलं.

बसव्वांना त्यांनी सांगितलं, औषध आहे. पंधरवड्यात गुंडू उभा राहिला, महिन्याभरात धावू लागला. बसव्वांनी देवापुढं साखर ठेवली आणि म्हणाल्या, "लई गुणाचं औषध दिसतंय. तुमचं गुडघं बी धरत्यात न्हवं? डॉक्टरास्नी इचारून तुमीबी घ्या की रोज थोडं थोडं."

अण्णांना ठसका लागला तो थांबेना.

पण बायकोच्या नजरेतून घरातली सांडशी किती दिवस सुटणार? रोज सकाळी ती नाहीशी व्हायची आणि तासाभरानं ओली होऊन परत यायची. अण्णा सकाळी अंघोळ करून बाहेर जायचे आणि आल्यावर पुन्हा अंघोळ करायचे. त्यातच शेजारणीनं हसत हसत सांगितलं, "तुमचं मालक गंगावेशीत अंड्याच्या दुकानात दिसलते म्हणं." बसव्वा त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांडशी तांदळाच्या डब्यात लपवली आणि काय होतंय ते बघत बसल्या. अण्णांनी सगळं स्वयंपाकघर धुंडाळलं, दोनदा डोकं खाजवलं आणि शेवटी तसेच बाहेर पडले.

बसव्वा गोदामाच्या मागच्या दारानं खोपीपाशी गेल्या. आत अण्णा उकिडवे बसले होते, आणि त्यांच्या उजव्या हातात, उघड्या हातात, अंडं होतं.

"शिव शिव शिव!" बसव्वा किंचाळल्या. "ह्या वयात? ह्या वयात हे सुचलं व्हय तुमास्नी?"

"मी न्हाय गं!" अण्णा ओरडले. "त्यो! त्यो खातोय!"

गुंडूला या भांडणात रस नव्हता. त्यानं झेप घालून अण्णांच्या हातातलं अंडं खाली पाडलं, पुढच्या पायांनी गडगडत दगडापाशी नेलं, दगडाकडं पाठ केली, आणि मागच्या दोन्ही पायांच्या मधून असं काही मागं भिरकावलं की अंडं दगडावर फुटून पसरलं. मग तो वळला आणि चाटायला लागला. हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं. आई तर उसातच राहिली होती.

बसव्वा बघतच राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता पोत्यावर बसल्या, तरी हसू थांबेना. "अवो, इतकं दिस सांडशीनं तुमी फोडून देत हुता? आन् तुमास्नी फोडाय तरी येतं व्हय?"

अण्णांनी मान खाली घातली. हसू ओसरल्यावर बसव्वांनी विचारलं, "मला का सांगितलं न्हाईसा?"

"तुझ्या चुलीजवळची सांडशी बाटवली. तू जेवली नसतीस."

"आन् त्यो मेला असता," बसव्वा म्हणाल्या, "तर मी जेवलो असतो व्हय?"

घर आणि चूल सोवळी राहील, पण खोपीत गुंडूला त्याचं मिळत जाईल, असं त्या दिवशी ठरलं. ती सांडशी खोपीत गेली ती कायमची. घरात नवी आली.

आता खरा पेच पुढं होता. गुंडू तरतरीत झाला होता. डावा मागचा पाय जरासा वाकडा राहिला, तेवढीच काय ती खूण. गोदामात उंदीर औषधालाही उरला नव्हता. पण आता तो मांडीवर कमी आणि भिंतीपाशी जास्त असे. भिंतीच्या तळाला पाणी जायला भोक होतं, त्याला अण्णांनी जाळी ठोकली होती. गुंडू त्या जाळीला नाक लावून तासन्‌तास नाल्याकडं बघत बसे. कधी पंज्यांनी जाळी खरवडे. अण्णा हाक मारत, तो मान वळवून बघे आणि पुन्हा तोंड जाळीला लावी.

डॉक्टर एकदा रस्त्यात भेटले. "शब्द लक्षात आहे ना अण्णा?"

"हाय की. जरा पाऊस थांबू दे."

पाऊस थांबला. मग म्हणाले, नवरात्र होऊ दे. नवरात्रात म्हणाले, दसरा चार दिवसांवर आलाय, सणाला घरात नको व्हय? शब्द न मोडता पुढं कसा ढकलायचा, हे व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही. पण ढकलताना जाळीपाशी बसलेलं ते करडं ध्यान त्यांना दिसत होतं आणि अन्न गोड लागत नव्हतं. तो गेला तर घर पुन्हा दोघांचं होणार होतं. साठी जवळ आलेल्या माणसानं असल्या गोष्टीसाठी रडायचं नसतं, असं अण्णांचं मत होतं, आणि म्हणून ते हल्ली खोपीत एकटेच जास्त वेळ बसत.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. संध्याकाळी बसव्वा खोपीत आल्या. हातात पक्कड होती.

"काढा ती जाळी."

"उद्या बघू."

"पोरगी असती तर तिलाबी जाळी ठोकून ठिवलं असतं काय घरात?" बसव्वा म्हणाल्या. "माझ्या बापानं मला धाडलं तवा त्यो सुदीक गोठ्यात जाऊन रडलता. पण धाडलंच न्हवं? काढा."

अण्णांनी जाळी काढली. शेवटचा खिळा त्यांच्याकडून निघेना, तो बसव्वांनीच उपसला. गुंडूनं भोकातून नाक बाहेर काढलं, वास घेतला, आत आला, अण्णांच्या पायाला अंग घासलं आणि मग सळकन निघून गेला. झुडूप एकदा हललं. अण्णा त्याच्याकडं बघत कितीतरी वेळ तसेच उभे होते. मग बसव्वांनी त्यांचा दंड धरून घरात नेलं.

सुरुवातीला तो अंड्यासाठी येई. दगडावर अंडं ठेवलेलं असे, तो ते फोडून खाई आणि अण्णांच्या अंगावर एक चक्कर मारून जाई. मग दिवसाआड येऊ लागला. थंडी पडल्यावर यायचाच बंद झाला. अण्णा तरीही अंडं ठेवत. कावळे ते नेत. डॉक्टर म्हणाले, "आला नाही म्हणजे त्याचं त्याला मिळतंय. चांगलं झालं." चांगलं झालं हे अण्णांनाही कळत होतं. फक्त कुणीतरी ते त्यांच्या हाताला सांगायला हवं होतं, कारण तो अजून खिसा चाचपायचा. संक्रांतीनंतर त्यांनी गंगावेशीला जायचं सोडलं.

चैत्र आला. जोतिबाच्या यात्रेची माणसं शहरात दाटली, रस्त्यांवर गुलाल पडला आणि 'चांगभलं'नं पेठ दुमदुमून गेली. अशा एका सकाळी अण्णा दुकानात तराजू पुसत होते. बसव्वा मागच्या दारातून आल्या आणि त्यांनी अण्णांचा हात धरून त्यांना खोपीकडं ओढत नेलं.

दगडावर गुंडू बसला होता. डावा मागचा पाय जरासा वाकडा. अंगानं भरलेला, शेपूट झुबकेदार, आणि नजर अशी की मधे काही महिने गेलेच नाहीत. तेवढ्यात भिंतीच्या भोकातून एक चिमुकलं नाक बाहेर आलं. त्याच्यामागं आणखी एक. दोन पिल्लं धडपडत आत आली आणि गुंडूच्या पोटाखाली शिरून लुचायला लागली.

अण्णा उकिडवे बसून वाकून बघू लागले. "अगं," ते म्हणाले, "ही तर... ही तर..."

(पुढं डॉक्टर भेटले तेव्हा अण्णांनी त्यांना याचा जाब विचारला. ते म्हणाले, "तुम्ही पाय दाखवलेत, मी पाय बघितले. बाकीचं तुम्ही विचारलंच कुठं?")

बसव्वांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या. "दानेश्वरी," त्या हळूच म्हणाल्या.

अण्णा उठले. पायात चपला नव्हत्या, खांद्यावर उपरणं नव्हतं, तसेच निघाले. गल्लीच्या तोंडाशी यात्रेकरूंची ही गर्दी, निम्मी पेठ दुकानांच्या पायऱ्यांवर उभी. अण्णा येताना दिसले आणि शालूबाई सवयीनं म्हणाली, "जावा जावा अण्णा, पलीकडनं जावा, आज रस्ता मोकळा न्हाय." पण अण्णा पलीकडं गेलेच नाहीत. ते सरळ चालत आले आणि गाड्यासमोर उभे राहिले.

"अंडी दे," ते म्हणाले.

शालूबाईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. "काय?"

"अंडी! अंडी! ऐकाय येत न्हाय व्हय? तीन दे. एक मोठीला आन् दोन बारक्यास्नी."

पायऱ्यांवरची पेठ माना लांब करून बघू लागली. समोरच्या दुकानात अमरेश उभा होता, त्यानं टकलावरून हात फिरवला आणि चटकन आत गेला. शालूबाईला काही उमजेना. "कुणाला वो अण्णा? पावणं आल्यात काय कोण?"

"पावणं कशाचं? लेक आलीया माझी," अण्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "लेकरं घिऊन माहेराला आलीया."

शालूबाईनं तीन अंडी निवडून काढली. मग गुंडाळायला कागद शोधू लागली.

"कागद नको," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.